दोसिंदाच्या तोंडचे शब्द

पोर्तोसेरादो, ६ नोव्हेंबर १९७८

दोन्या लेओकादिया,

आपली ओळख नाही. मी लिदिया सालदान्या. गेली चौदा वर्षं पडद्यावर तोंड मी उघडते आणि आवाज तुमचा येतो, एवढाच आपला संबंध. हे पत्र पाहून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू द्यात. माझ्याही पडल्यात, तरी लिहिते आहे.

मी नटीचं काम थांबवून स्वतःचा सिनेमा केलाय, हे तुमच्या कानावर आलं असेल. 'मिठाचे हात' नाव आहे. माझ्या गावातल्या, सार्डिन डब्यात भरण्याच्या कारखान्यातल्या बायकांचा. त्यात एकही नटी नाही. मुख्य बाई आहे दोसिंदा, पन्नाशीची, लहानपणापासून माशांची डोकी कापत आलेली. तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच तोंडून मी तिची गोष्ट घेतली आणि आवाज तिथल्या तिथे टिपला. आपल्याकडे असं करत नाहीत, मला माहीत आहे. आपल्याकडे आधी चेहरे टिपायचे आणि मग माद्रिदच्या स्टुडिओत बसून सगळ्यांच्या तोंडात स्वच्छ, घोटीव आवाज भरायचे, ही रीत. म्हणूनच मी तसं केलं नाही.

काल माझ्या ध्वनिमुद्रकाचा फोन आला. आमचे निर्माते डॉन एवारिस्तो यांनी मला न विचारता जानेवारीत स्टुडिओ ठरवलाय. सगळा सिनेमा पुन्हा बोलून घेणार. का, तर आमच्या गालिसियातल्या बायकांचं बोलणं माद्रिदला कळायचं नाही, आणि दोसिंदाचा आवाज घोगरा आहे. असेल घोगरा. ओल्या फरशीवर जन्म काढलाय तिनं. आणि दोसिंदासाठी त्यांनी कोणाला बोलावलंय, तर तुम्हाला.

हे काम तुम्ही घ्यायचं नाही. विनंती करायला बसले होते, पण विनंती मला जमत नाही. या सिनेमात दोसिंदा सांगते की कारखाना सुटला की मुकादम फाटकावर उभा राहतो आणि डबे चोरलेत का ते बघायच्या नावाखाली बायकांच्या एप्रनमध्ये हात घालतो. वर्षानुवर्षं. हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर बसली तरी मुकादमाचं नाव तिनं घेतलं नाही, एवढी भीती. ते तिच्याच आवाजात लोकांपर्यंत गेलं पाहिजे. कुणाच्या मधाळ आवाजात गेलं तर ती रेडिओवरची मालिका होईल.

मी कोण सांगणारी, असं वाटेल तुम्हाला. १९६७ साली, सेन्सॉरवाले कात्री परजून बसलेले असताना, मी पडद्यावर बापाच्या तोंडावर 'नाही' म्हटलंय. आवाज तुमचा असेल, 'नाही' माझं होतं. आज बायकांच्या सभांमध्ये मी उभी राहते ती त्या एका शब्दाच्या जोरावर. तुम्हीही एकदा म्हणून बघा.

लिदिया सालदान्या


माद्रिद, १५ नोव्हेंबर १९७८

सेन्योरा सालदान्या,

दोन्या वगैरे नको. मला सगळे लेओ म्हणतात. सगळे म्हणजे, मी आहे हे ज्यांना ठाऊक आहे ते. फार नाहीत.

चौदा वर्षांनी आठवण झाली, आनंद वाटला. मला वाटलं होतं, एखाद्या नाताळाला दोन ओळींचं कार्ड येईल. ते नाही आलं, थेट हुकूमच आला.

त्या क्षयरोग्यांच्या इस्पितळाच्या सिनेमासाठी तुम्हाला बक्षीस मिळालं, आठवतं? त्यात तुम्ही मरता. म्हणजे डोळे तुम्ही मिटता, मरते मी. दिवसभर खोकून खोकून घसा सोलवटला होता माझा. पेपरात आलं, 'सालदान्याच्या आवाजातला कंप विसरता येत नाही.' मी ते कापून आईला दाखवलं. आई म्हणाली, "यात तुझं नाव कुठंय?" बक्षीस घेताना तुम्ही दिग्दर्शकाचे आभार मानलेत, शिंप्याचे मानलेत, गाडी चालवणाऱ्याचेही मानलेत. मी घरी सूप पीत टीव्हीवर बघत होते. बोलता येत नव्हतं मला.

आणि तुमच्या मुलाखती. तुमचं खरं बोलणं लोकांनी ऐकलं तर भानगड होईल, म्हणून प्रत्येक मुलाखतीत तुमचा घसा बसलेला. बारा महिने सर्दी. माझी शेजारीण कळवळायची, "त्या पोरीला कुणीतरी मध द्या गं." मध इथे होता, भिंतीपलीकडे.

काम घेऊ नका म्हणता. माझा नवरा एका नर्सबरोबर बार्सेलोनाला गेला त्याला जमाना झाला. या देशात घटस्फोट नाही, म्हणून मी अजून त्याची बायको आहे, आणि त्याला अजून माझी आठवण नाही. मी आणि आई, दोघींचं पोट माझ्या घशावर आहे. तुम्हाला 'नाही' म्हणणं परवडतं, कारण तुमच्यासाठी 'हो' म्हणणारी बाई इथे माद्रिदला ठेवलेली होती.

तुमच्या त्या सभेचं म्हणाल, तर मी एकदा आलेय. मागच्या रांगेत बसले होते. तुम्ही ६७ सालच्या 'नाही'ची गोष्ट सांगितलीत तेव्हा माझ्या शेजारच्या दोघी एकमेकींकडे बघून हसू दाबत होत्या. का, ते आत्ता सांगत नाही. मला कामावर जायचंय.

लेओकादिया उबिएर्ना


पोर्तोसेरादो, २४ नोव्हेंबर १९७८

लेओकादिया,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा फाडणार होते.

माझा घसा बसायचा म्हणता. बसायचा नाही, बसवलेला होता. करारात होतं तसं. मी तेवीस वर्षांची होते, आणि तो करारसुद्धा मी एकटी करू शकत नव्हते. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याची परवानगी लागायची, विसरलात? माझ्या नवऱ्यानं सही केली आणि वर निर्मात्याला म्हणाला, "हिला बोलू देऊ नका, हिच्या बोलण्याला माशाचा वास येतो." दोघं हसले. मीही हसले.

माझा पहिला सिनेमा इथल्या थिएटरात लागला तेव्हा मी आईला घेऊन गेले. आई चाळीस वर्षं त्याच कारखान्यात होती. चांगला झगा घालून आलेली. मी पडद्यावर आले, तोंड उघडलं, आणि कुणी भलतीच बाई बोलायला लागली. मला कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं. आईनं माझा दंड धरला आणि मोठ्यानं विचारलं, "एर्मिंदा, तुझ्या तोंडात ही कोण शिरली?" सगळं थिएटर हसलं. हो, माझं खरं नाव एर्मिंदा आहे. तेही त्यांनीच बदललं. आई त्यानंतर सिनेमाला आली नाही. मीही नाही. त्या दिवसापासून मी माझा एकही सिनेमा पाहिलेला नाही. पहिल्या खेळाला जायचं, फोटो काढू द्यायचे, दिवे गेले की मागच्या दारानं बाहेर. तुमचा आवाज मला सहन होत नव्हता. खरं सांगते, इतकी वर्षं मी तुमचा जेवढा राग केला तेवढा नवऱ्याचाही केला नाही.

तुमचं पोट घशावर चालतं हे मला मान्य आहे. पण दोसिंदाचं काय चालतं? एक महिना मी तिच्याकडे रोज जात होते. ती कोबी चिरायची, बटाटे सोलायची, आणि कॅमेरा नसल्यासारखं हवापाण्याचं बोलायची. मग एके दिवशी सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "एर्मिंदा, तू आपल्यातली आहेस म्हणून सांगते. हे माझ्या तोंडून जसं निघतंय तसंच ठेवशील ना?" मी हो म्हटलं. मरियेच्या तसबिरीखाली बसून म्हटलं.

तुम्ही जानेवारीत त्या स्टुडिओत पाऊल टाकलंत, तर आमच्या बायकांच्या संघटनेच्या मासिकात मी तुमचं नाव छापून आणीन. तुम्हाला नाव छापून हवंच होतं ना?

आणि कोण त्या दोघी हसत होत्या, का हसत होत्या, ते सरळ सांगा. मला कोडी आवडत नाहीत.

लिदिया


माद्रिद, १२ जानेवारी १९७९

लिदिया,

आता तुला अगं-तुगं करते. तुझ्या तोंडात इतकी वर्षं राहिले, तेवढा हक्क आहे माझा. शिवाय माझं डोकं असं फिरलंय की 'तुम्ही' लिहायला हात वळत नाही.

तुझी धमकी वाचली आणि दुसऱ्याच दिवशी एवारिस्तोला होकार कळवला. हो, तुझ्या नाकावर टिच्चून. तू लिहिलं नसतंस तर कदाचित विचार केला असता.

सोमवारी काम सुरू झालं. कसं असतं सांगते, तू कधी आत आली नाहीस. सिनेमाचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा दाखवतात. कानात मूळ आवाज, समोर पडद्यावर ओठ, हातात आपण बोलायचं ते. ओठ जुळेपर्यंत बोलायचं. दोन दिवस मी तुझ्या दोसिंदाचं 'पोरी, दार लाव, थंडी येते' आणि 'मीठ कमी पडलं' असलंच बोलत होते. आवाज घोगरा आहे खरा. पण सांगू का, दुसऱ्या दिवशी तो कानातून काढवेना. घरी आईशी बोलताना मी तिच्यासारखी थांबायला लागले.

बुधवारी ते स्वयंपाकघर आलं. ती सुरी खाली ठेवते. माझ्या कानात ती म्हणाली, "तो एप्रनखाली हात घालायचा आणि मोजायचा. म्हणायचा, दोन डबे तर हिला देवानंच दिलेत. बाकीच्या हसायच्या, कारण नंतर त्यांची पाळी असायची." आणि माझ्या हातातल्या कागदावर होतं, "मुकादम कडक होता, पण न्यायी होता. तो नसता तर आम्ही पोरी कामाला लागलो असतो होय?"

तुला वाटत होतं, भांडण आवाजाचं आहे. त्यांनी शब्द बदललेत, बाई. सगळे. आणि ओठांवर कसे चपखल बसतात. ज्यानं लिहिलंय तो कसबी माणूस आहे, त्याची बोटं झडोत.

मी हेडफोन काढला. विचारलं, हे काय? एवारिस्तो काचेपलीकडून म्हणाला, "कारखान्याच्या मालकाला शब्द दिलाय मी, शूटिंगला जागा दिली त्यानं. तू वाच." मी म्हटलं, घसा बसलाय. आणि घरी आले.

आता तुझी पाळी. ६७ सालचं तुझं 'नाही'. तू ते म्हणालीस, मी साक्षीदार आहे. माझ्या कानात होतं ते, तुझ्या माशाच्या वासाच्या बोलीत, तीनदा. नाही, नाही, नाही. अंगावर काटा आला होता. पण सेन्सॉरचा शेरा आला होता आणि माझ्या हातात दुसरंच दिलं होतं. कॅमेरा बापाच्या तोंडावर, तुझी पाठ, आणि मी बोलले, "तुम्ही म्हणाल तसं, बाबा." पहिल्याच खेपेला चांगलं झालं. दिग्दर्शक म्हणाला, गोड आलंय.

सगळ्या स्पेननं तुला 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणताना ऐकलंय, लिदिया. पुढच्याच प्रसंगात तुझं लग्न लागतं. तुला कधी प्रश्न पडला नाही, 'नाही' म्हटल्यावर लग्न कसं लागलं? त्या दोघी म्हणून हसत होत्या. मला वाटायचं, तुला ठाऊक असून तू फेकतेस. तू पाहिलाच नाहीस हे तुझ्या पत्रातून कळलं. कसली बाई आहेस तू, स्वतःच्या तोंडून काय निघतंय हे बघावंसं वाटलं नाही तुला?

लेओ


पोर्तोसेरादो, २१ जानेवारी १९७९

लेओ,

तुझं पत्र आलं तेव्हा मी उभी होते, वाचून होईस्तोवर जिन्यात बसले होते. बापाचं काम करणारा नट, दिग्दर्शक, सेन्सॉर, तू, एकेकाला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. पोस्टमास्तरीण पाकिटं उघडून वाचते अशी गावात बोलवा आहे.

मला वाटलं, निदान गावात कोणाला आठवत नसेल. मी दोसिंदाकडे गेले. ती सार्डिन साफ करत होती. मी म्हटलं, "दोसिंदा, माझा तो बापाचा सिनेमा तू पाहिला होतास?"

"पाहिला की. सगळ्या मिळून गेलो होतो. रविवार होता."

"त्यात शेवटी मी बापाला काय म्हणते?"

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा," तिनं लगेच सांगितलं. मासा हातातच होता. "पाठ आहे मला. माझ्या लेकीला, फ्लोराला, तेव्हा तो बर्फाच्या कारखान्यातला माणूस सांगून आला होता. तिला नको होता. रडरड रडायची. मीच तिला सिनेमाला नेली आणि येताना म्हटलं, बघितलंस, एर्मिंदा एवढी माद्रिदला गेली, एवढी शिकली-सवरली, तीसुद्धा बापाचं ऐकते. तू कोण लागून गेलीस?"

फ्लोरा अजून त्याच घरात आहे. दोसिंदा तिच्याकडे जाते तेव्हा आधी रस्त्यावरून खिडकीकडे बघते, तो घरी आहे का म्हणून. गावाला हे सगळं ठाऊक आहे, मला त्या दिवशी कळलं.

मग मी तिला सांगितलं की मी 'नाही' म्हटलं होतं, त्यांनी बदललं. तिनं मासा खाली ठेवला. हात धुतले. मग म्हणाली, "आणि माझं?"

मी खिशातून तुझं पत्र काढलं.

"माझंपण बदललंय का, एर्मिंदा?"

तुझ्या पत्रातली ती ओळ मी तिला वाचून दाखवली. कडक होता पण न्यायी होता. लेओ, मला वाटलं ती रडेल. तिनं परातीतले मासे उचलले आणि भिंतीवर मारले, एकेक करून. म्हणाली, "मला काढून टाक त्यातनं. माझं तोंड मला परत दे. तुझ्यावर भरवसा ठेवला, कारण तू आमच्यातली. आमच्यातली असतीस तर आधी बघून आली असतीस, तुला बोलू देतात का ते."

मी एवारिस्तोला रोज फोन करते. तो फोन घेत नाही. वकील म्हणतो, फिल्म त्याची आहे, आवाजही त्याचा. मी नाव काढून घेणार आहे. या सिनेमावर माझं नाव नको.

तू परत जाऊ नकोस तिथे. या वेळी मागते आहे.

एर्मिंदा


माद्रिद, १८ मार्च १९७९

एर्मिंदा,

तू मागायची गरज नव्हती. तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच मी गेले होते, पण वाचायला नाही. एवारिस्तोला त्याच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं, त्या बाईचेच शब्द दिलेत तर बोलीन, नाहीतर नाही. तो म्हणाला, "लेओ, तुला आवाजासाठी बोलावतो, मतासाठी नाही." मी म्हटलं, डॉन एवारिस्तो, तुमच्या सगळ्या नट्या माझ्या मतानंच मरतात, रडतात आणि नवऱ्याला क्षमा करतात, तुमच्या लक्षात आलं नाही इतकंच. त्यानं मला दार दाखवलं. त्यानंतर त्या स्टुडिओतून काम नाही, आणि त्याच्या मित्रांच्या दोन स्टुडिओतूनही नाही. सध्या मी रेडिओवर कपड्याच्या साबणाची जाहिरात करते. आई म्हणते, साबण तरी खरा आहे.

आमच्या आवाजवाल्या बायकांना मी कोपऱ्यावरच्या कॅफेत जमवलं. दोसिंदा काय बोलते आणि आपल्याकडून काय बोलवून घेतायत ते सांगितलं. चार जणींनी तिथल्या तिथे शपथ घेतली. एकीनं घेतली नाही. पुढच्या सोमवारी तीच माइकसमोर उभी होती. तिची तीन पोरं आहेत, नवरा बेकार आहे, मी तिला दोष देत नाही. खोटं आहे हे. देते. रस्त्यात दिसली तर मी पलीकडून जाते.

परवा सिनेमा लागला. मी गेले. डोळे मिटले तर छान नभोनाट्य, कान झाकले तर तुझा सिनेमा. ते स्वयंपाकघर आलं आणि दोसिंदा म्हणाली, कडक होता पण न्यायी होता. तिचे डोळे काय सांगत होते आणि कानावर काय पडत होतं. शेजारचे गृहस्थ बायकोला म्हणाले, "किती समजूतदार असतात बघ ही गरीब माणसं." मला त्यांच्या डोक्यात छत्री घालावीशी वाटली. पाऊस नव्हता, छत्री नेली नव्हती.

आणि शेवटी नावं आली. दिग्दर्शन, म्हणून एका भलत्याच पुरुषाचं नाव. तू खरंच काढून घेतलंस. शाबास. स्वतःचा वाडगा स्वतःच उपडा केलास आणि तो उचलायला एवारिस्तोचा भाचा तयारच होता. राग यायला लागला की तुम्ही नट्या दार आपटून बाहेर जाता. बाहेर गेल्यावर आत काय चालतं ते मी तुला सांगू? मी आयुष्यभर आतच होते. आत, ज्यांना राहायचंच होतं ते राहतात आणि तुझ्या खुर्चीत बसतात.

आता ऐक. एवारिस्तो कॅफेत कुणाला तरी सांगत होता, की कारखान्याचा मालक हा सिनेमा तुमच्या गावात फुकट दाखवणार आहे. ईस्टर झाल्यावर, कामगारांना भेट म्हणून. मालक खूश आहे. मुकादमाला पुढच्या रांगेत बसवणार. दोसिंदाला कळायच्या आत तू तिला सांग. आणि या वेळी मागच्या दारानं पळू नकोस.

लेओ


पोर्तोसेरादो, २३ एप्रिल १९७९

लेओ,

पळाले नाही.

काल रविवार. थिएटरात उभं राहायला जागा नव्हती. फुकट म्हटल्यावर शेजारच्या गावांतूनही माणसं आली. मालकानं दारात सगळ्यांना गोड मद्य पाजलं. तिसऱ्या रांगेत मुकादम एलादिओ, निवृत्त होऊन दोन वर्षं झालेला, नव्या कोटात, आणि शेजारी त्याची बायको फिलोमेना. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, कारण माद्रिदला पाहून आलेल्या कुणीतरी सांगितलं होतं की सिनेमात त्याचं कौतुक आहे.

मी दोसिंदाला सगळं सांगितलं होतं. येऊ नकोस असंही म्हटलं. ती कोबी चिरत राहिली. आली ती कारखान्यातल्या बायकांबरोबर, आणि फ्लोराला घेऊन. माझ्याकडे बघितलं नाही. मासे भिंतीवर मारले त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

सिनेमा सुरू झाला. बायका आधी हसत होत्या. एकमेकींच्या तोंडून माद्रिदच्या मडमा बोलतायत म्हणून. "अगं, तू केव्हा एवढी शुद्ध झालीस?" "मी नाही बाई, माझी मालकीण आत शिरलीय." मग ते स्वयंपाकघर जवळ यायला लागलं तसं हसणं कमी झालं. बातमी त्यांच्यात फिरली होती.

मी उठले. तुला सांगते लेओ, पाय मागच्या दाराकडेच वळले होते, सवय आहे त्यांना. मी त्यांना जिन्यावर नेलं. वर मशीनच्या खोलीत सेवेरिनो बसतो, माझ्या आईचा चुलतभाऊ. मी म्हटलं, "मामा, आवाज बंद करा." तो म्हणाला, "मालक मला हाकलेल." मी म्हटलं, हाकलू दे, आणि त्याच्या पुढून हात घालून बटण फिरवलं. माझा स्वतःचा सिनेमा मी स्वतःच्या हातानं मुका केला. इतका राग मला कधी आला नव्हता, आणि इतका उपयोगीही कधी पडला नव्हता.

खाली ओरडा सुरू झाला. शिट्ट्या, "आवाज, आवाज". मी भिंतीतल्या त्या चौकोनी भोकातून बघत होते. पडद्यावर दोसिंदानं सुरी खाली ठेवली. खाली अंधारात दोसिंदा उभी राहिली.

ती पुढे गेली, पडद्याच्या कडेला, जिथे उजेड पडतो. आधी तेच बोलली जे मला बोलली होती. एप्रन, मोजणं, देवानं दिलेले दोन डबे. अगदी तसंच, शब्दाला शब्द. वरच्या दोसिंदाचे ओठ आणि खालचीचा आवाज जुळत होता, तू असतीस तर तुला हेवा वाटला असता. कोणी शिट्टी मारत नव्हतं. मालक उभा राहून वर माझ्याकडे हातवारे करत होता, दिवे लावा म्हणून. सेवेरिनोमामा म्हणाला, "दिव्यांचं बटण कुठंय मला आठवत नाही."

वरचा तुकडा संपला. पडद्यावर बोटी आल्या, धक्का आला. ती थांबली नाही. ती आता ते बोलत होती जे तिनं मलाही सांगितलं नव्हतं. म्हणाली, "त्या सिनेमात मी नाव घेतलं नव्हतं. भीत होते. तिथे त्यांनी त्याला न्यायी केला. तर आता घेते. एलादिओ, तो बघा, तिसऱ्या रांगेत बसलाय." आणि मग एकेकीचं नाव घेतलं, ज्यांना विचारून आली होती त्यांचं. नाव घेतलं की ती बाई उभी राहायची. फ्लोराही उभी राहिली. ती दोन वर्षं कारखान्यात होती, लग्नाच्या आधी. तिच्यावरही हेच गुदरलं होतं, ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटतं दोसिंदालाही त्याच आठवड्यात कळलं असावं, कारण ते नाव घेताना तिचा आवाज बंद पडला आणि फ्लोरानं आपलं नाव आपणच सांगितलं.

आज सकाळी दोसिंदाला कामावरून काढलं. बाकीच्या बायका फाटकाबाहेर बसून आहेत, आत जायला तयार नाहीत. बोटी आल्यात आणि मासे धक्क्यावर तसेच पडलेत. एवारिस्तोची तार आलीय, कोर्टात खेचतो म्हणून. खेचू दे. माझं नाव त्या सिनेमावर परत घालायला मी वकिलाला सांगितलंय, म्हणजे खेचायला त्याला योग्य माणूस मिळेल.

पण तुला कालचं शेवटचं सांगायचं राहिलं. फ्लोरा बोलली आणि एलादिओ उठला. कोटाचं बटण लावलं, टोपी घेतली आणि बायकोला म्हणाला, "चल, फिलोमेना." शांतता होती, मला वर ऐकू आलं. माणसं गुडघे बाजूला घेऊन त्याला वाट देत होती. तो दारापर्यंत गेला आणि वळून थांबला.

फिलोमेना खुर्चीतून हलली नव्हती. ती दोसिंदाकडे तोंड करून बसली होती. त्यानं तिला पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्यानं. तिनं मान न वळवता दोसिंदाला म्हटलं, "तू बोल. मी ऐकतेय."

एर्मिंदा